सुंदरकाकींचा बिनपाण्याचा धंदा

एखाद्याची पुरती फजिती केली की आमच्याकडं म्हणतात, "त्याची बिनपाण्यानं केली." नारायणगावच्या बाजारपेठेत सुंदरकाकींनी अशी किती जणांची केली असेल, देव जाणे. नवऱ्याची तर रोज सकाळी दुकान उघडायच्या आत एकदा व्हायची. पुढं त्यांनी खराखुरा बिनपाण्याचा धंदा काढला, तेव्हा पेठेत कुणाला नवल वाटलं नाही. "ह्ये व्हायचंच व्हतं," एवढंच लोक म्हणाले.

काकी बुटक्या, गोऱ्या, डोक्यावर कायम पदर. पदराखालचे डोळे मात्र असे की समोरच्यानं आपल्या शर्टाची बटणं नीट लागलीत का ते चाचपून बघावं. त्यांच्या सासऱ्यांचे वडील राजस्थानातून आले आणि इथं किराणा मांडून बसले. गादीवर आता पोपटशेठ, म्हणजे काकींचे मालक. ज्यांनी त्यांचं नाव पोपट ठेवलं त्यांचा अंदाज साफ चुकला होता. शेठ दिवसभरात दहा वाक्यं बोलायचे, त्यातली आठ भाव सांगणारी. उरलेल्या दोनांपैकी एक हमखास असायचं, "सुंदर, पुरे."

मी शेजारच्या वारूळवाडीत फ्रीज दुरुस्तीचं दुकान चालवायचो. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. काकींचा जुना एकदारी फ्रीज थंड करीना म्हणून मला बोलावणं आलं. वरच्या खणात बर्फाचा डोंगर साचला होता. तो वितळवत होतो, तर मागून एक वाटी निघाली. कधी ठेवली ते काकींनाही आठवेना. झाकण नसलेल्या त्या वाटीत मेथी होती. हिरवीगार, पण बोट लावलं की चुरा व्हावा इतकी कोरडी, आणि वजन म्हणाल तर पिसाएवढं.

"टाकून द्या काकी," मी म्हणालो.

काकींनी चिमूटभर मेथी चुलीवरच्या वरणात टाकली. दोन मिनिटांत पानं अशी उलगडली की आत्ताच खुडून आणलीत.

"दत्ता, ह्यातलं पाणी कुठं गेलं?"

"उडालं असेल."

"बर्फ झालेलं पाणी वितळल्याशिवाय कसं उडालं?"

काकी म्हणाल्या, "फ्रीज तुझ्या ताब्यात, पाणी तुझ्या फ्रीजनं चोरलं. चोर शोधून दे, मग मजुरी घे."

मला वाटलं, थट्टा करतायत. आठ दिवसांनी गेलो तर काउंटरवर आठवीचं विज्ञानाचं पुस्तक उघडं. दुकानात आलेल्या कुणा मुलीकडून पेपरमिंटच्या बदल्यात उसनं घेतलेलं. काकींनी एका शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती: संप्लवन. म्हणजे घन पदार्थाचं पातळ न होता एकदम वाफेत जाणं.

"डबीतला कापूर उडून जातो तसंच," काकी म्हणाल्या. "आपल्याला बर्फाचा कापूर करायचाय. कुठलं मशीन करतं सांग."

आता इथं माझी चूक झाली. मी सांगितलं. भोसरीला माझा एक दोस्त होता, त्याच्याकडून ऐकलं होतं की इंजेक्शनच्या औषधाची पूड करायला असलं यंत्र वापरतात. आधी माल कडक गोठवायचा, मग आतली हवा पंपानं खेचून काढायची, म्हणजे बर्फ न वितळता निघून जातो. तिथलाच एक औषधाचा कारखाना बंद पडला होता आणि त्यातलं असलंच एक यंत्र भंगारवाल्याकडं पडून होतं. तिसऱ्या दिवशी काकी टेंपो घेऊन माझ्या दारात हजर.

भंगारवाल्यानं विचारलं, "बाई, ह्याचं करणार काय?"

काकींनी त्या पोलादी कपाटात डोकं घालून "ओ!" अशी हाक मारून बघितली. आवाज घुमला. मग बाहेर येऊन अगदी गरिबासारखं म्हणाल्या, "पापड वाळवायचेत हो. पावसाळ्यात लई त्रास होतो." भंगारवाला इतका हसला, की त्यानं ते यंत्र लोखंडाच्याच भावात देऊन टाकलं. परतीच्या वाटेवर काकींनी राजगुरुनगर मागं पडू दिलं. मग स्वतःशीच म्हणाल्या, "पापड!" आणि हसू आवरेना तेव्हा पदर तोंडात कोंबला.

घरी त्यांनी शेठना सांगितलं होतं, की माणसाच्या उंचीची तिजोरी मिळतेय. तिजोरी म्हटल्यावर पोपटशेठ विरघळले. मागची खोली झाडून घेतली, गणपतीचा फोटो लावला. यंत्र उतरलं, तेव्हा त्याचं जाडजूड दार आणि फिरवायचं चाक बघून त्यांनी स्वतः कुंकू लावलं. दोन दिवस त्यांचा समज कायम होता. तिसऱ्या दिवशी मी काँप्रेसर आणि पंप जोडायला बसलो.

"दत्ता, तिजोरीला मोटर कशाला?" शेठनी विचारलं.

मी काकींकडं बघितलं. काकी म्हणाल्या, "अहो, तिजोरीच आहे ही. ह्यात पाणी सोडून सगळं राहतं."

शेठनी दाराचं चाक एकदा फिरवून बघितलं. मग म्हणाले, "खूळ आहे." त्या दिवसापासून घरात त्या यंत्राचं नावच 'खूळ' पडलं. "खुळाचं बिल आलंय," "खूळ गळतंय," असं शेठ अगदी गंभीरपणे बोलायचे.

पहिले तीन महिने शेठचंच खरं होतं. पहिल्यांदा टोमॅटोच्या फोडी लावल्या. नारायणगावात टोमॅटोला काय तोटा! फोडी नीट गोठल्या नव्हत्या, मी घाईनं पंप सुरू केला, आणि आत टोमॅटो उकळल्यासारखे फुटले. दाराच्या गोल काचेवर लालभडक शिंतोडे. शेठ तेवढ्यात पाणी प्यायला आत आले, काच बघितली आणि पाणी न पिताच बाहेर गेले. दुसऱ्यांदा दाराचं रबर हवा सोडत होतं. तिसऱ्यांदा वाटाणे वरून कोरडे, आतून ओले.

वाटाण्याचं कोडं काकींनीच सोडवलं. सालीतून वाफ बाहेर पडत नाही म्हणून प्रत्येक वाटाण्याला टाचणीनं भोक पाडायचं. एवढे वाटाणे टोचायचे कुणी? दुपारी ओट्यावर गप्पा मारायला येणाऱ्या बायकांपुढं काकींनी परात आणि टाचण्या ठेवल्या.

"बसायचं तर टोचा. तशाही टोचून बोलताच, हाताला पण काम होईल."

बायका चिडल्या, आणि टोचायलाही बसल्या. त्या खेपेला दार उघडलं, तेव्हा वाटाणे ताटात पडताना खड्यांसारखे नाही, तर लाह्यांसारखे वाजले. काकींनी एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. त्यांची एक सवय होती. नवीन काहीही केलं की समोरच्याला आधी खायला लावायचं. "आधी खा, मग विचार." मी खाल्ला. जिभेवर तो पाणी पीत गेला आणि गोड झाला. काकी माझ्या तोंडाकडं परीक्षेचा निकाल लागावा तशा बघत होत्या.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शिवनेरी-जीवधनकडं जाणारे पुण्याचे ट्रेकवाले. पाठीवर वजन नको, म्हणून त्यांना हे पाकीट फार आवडलं. काकी दहादा बजावून सांगायच्या, गरम पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवा. एका पठ्ठ्यानं नाणेघाटाच्या चढावर अख्खं मटकीच्या उसळीचं पाकीट कोरडंच चिवड्यासारखं खाल्लं आणि वर तांब्याभर पाणी ढोसलं. परतीच्या वाटेवर तो दुकानात आला तो पोट धरून.

"काकी, पोटात कायतरी फुगतंय."

"मटकीच ती," काकी शांतपणे म्हणाल्या. "तिला काय माहीत पातेलं कुठलं आणि पोट कुठलं?" मग त्याला ओवा दिला आणि तासभर ओट्यावर झोपवून ठेवलं. पुढच्या पाकिटांवर मोठ्या अक्षरांत छापलं: 'पाणी आधी, पोट नंतर.'

काकींची फजिती करणारं कुणी नव्हतंच असं नाही. एक होत्या. झालं असं, की काकींचं घर जैन, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य. काकींच्या नणंद लीलाबाई धर्माच्या बाबतीत कडक. एका चतुर्दशीला त्या जेवायला आल्या, तर काकींनी पानात हिरवेगार मटार वाढले. लीलाबाईंनी ताट सरकवलं. काकी म्हणाल्या, "वन्सं, हे हिरवे नाहीत, वाळवलेले आहेत. वाळवलेलं चालतं ना?" त्यांनी कोरडे दाणे दाखवले. लीलाबाई म्हणाल्या, "पण आता हिरवे दिसतायत!" काकी म्हणाल्या, "दिसण्यावर धर्म असतो का?" वाद पेटला. शेवटी दोघी दोन वाट्या घेऊन जैन स्थानकात गेल्या. तिथं चातुर्मासासाठी एक तरुण साध्वी, महासतीजी, आल्या होत्या. काकींनी घरी येऊन मला सगळं सांगितलं, म्हणून ठाऊक.

महासतीजींनी कोरडे दाणे बघितले, फुललेले बघितले आणि विचारलं, "चवीला कसे लागतात?"

काकी अभिमानानं म्हणाल्या, "ताज्यासारखे! फरक सांगून दाखवा."

"मग भाजी सुकली, पण तुमची इच्छा सुकली नाही," महासतीजी हसून म्हणाल्या. "सोडायची ती कोणती होती?"

"दत्ता," काकी मला म्हणाल्या, "माझी आज बिनपाण्यानं झाली." आणि त्या दिवसभर खूश होत्या. तुल्यबळ कुणीतरी भेटल्याचा तो आनंद होता. तेव्हापासून तिथीला त्या स्वतःही ते मटार खात नसत आणि कुणी जैन गिऱ्हाईक तिथीसाठी मागायला आलं, तर बजावायच्या, "हा माल सोयीचा आहे, त्यागाचा नाही."

असं करत करत पाच-सात वर्षं गेली. धंदा मागच्या खोलीतच होता, पण पाकिटं पुण्या-मुंबईपर्यंत जात होती. आणि मग ती हिमालयाची ऑर्डर आली. पुण्यातला गिर्यारोहकांचा एक गट मे महिन्यात मोठ्या मोहिमेवर निघाला होता. पिठलं, उसळ, मटार, आंब्याच्या फोडी, सगळं काकींकडून. कांदा-लसूण मशीनमध्ये घालणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. आजवरचं सगळ्यात मोठं काम, शेवटची खेप यंत्रात, आणि दुसऱ्या दिवशी माल न्यायला गाडी येणार.

तो लोडशेडिंगचा उन्हाळा होता. दिवसाचे किती तास वीज जाणार, ते वेळापत्रक काकींना पाठ होतं. आमचा जुना जनरेटर तेवढा वेळ निभावून न्यायचा. पण त्या दिवशी अकरा वाजता वीज गेली, जनरेटर सुरू केला, आणि पाच मिनिटांत त्यातून काळा धूर येऊन तो बसला तो उठेना. मी उघडून बघितलं. पिस्टनच जाम.

"किती वेळ आहे?" काकींनी विचारलं.

"दार बंद ठेवलं तर दीड-दोन तास. मग आतला बर्फ सुटेल. सगळ्याची पेज होईल."

"आणि वीज?"

"लाईन तुटलीय म्हणतात. संध्याकाळपर्यंत काही खरं नाही."

थट्टा न करणाऱ्या काकी मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या. गादीवरून शेठ बघत होते. 'खूळ' हा शब्द त्यांच्या ओठांवर होता, पण त्यांनी तो उच्चारला नाही. काकींनी चपला घातल्या.

"कुठं निघालीस?" शेठ.

"तमाशाला."

चैत्राचे दिवस. नारायणगावात हमरस्त्याला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागल्या होत्या. गावोगावचे कारभारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येत होते. प्रत्येक फडाकडं ट्रकवर चढवलेला भला मोठा जनरेटर असतो, आणि बुकिंगच्या दिवसांत तो नुसता उभा असतो. हे माझ्या डोक्यात आलं नाही, काकींच्या आलं. पदर सावरून त्या भर उन्हात एका राहुटीत शिरल्या. त्यांच्यामागं हातात पाना घेऊन मी. राहुटीतले कारभारी एका शेठाणीला बघून सरसावून बसले.

फडाच्या मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. काकींच्याच वयाच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"या पावणं. कुठल्या गावची जत्रा?" अक्कांनी विचारलं.

"जत्रा नाही. तुमचा जनरेटर पाहिजे, संध्याकाळपर्यंत."

"आन नाचायला?"

"नाचायला माझ्याकडं वाटाणे आहेत."

अक्कांनी पानाचा डबा खाली ठेवला. काकींनी पिशवीतून उसळीचं पाकीट काढलं, तिथल्याच चहाच्या किटलीशेजारच्या गरम पाण्यात ओतलं आणि वर ताटली झाकली. दहा मिनिटं गेली. झाकण काढलं तेव्हा वाफ आली.

"आधी खा, मग विचारा," काकी म्हणाल्या.

अक्कांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग ताटली आतल्या बाजूला बसलेल्या मुलींकडं पाठवली. "आमी रोज येगळ्या गावात," त्या म्हणाल्या. "सैपाक व्हईस्तवर येळ व्हती. पोरी अर्धंकच्चं खाऊन उभ्या ऱ्हात्यात. ह्ये किती दिस टिकतं?"

"वर्षभर. पाणी लागू दिलं नाही तर."

"मंग न्या जनरेटर. पर हंगाम सुरू झाला का आमच्या फडाला ह्ये पायजे. कबूल?"

"कबूल."

आणि अशा रीतीनं पोपटशेठच्या पिढीजात किराणा दुकानापुढं तमाशाचा ट्रक उभा राहिला. ट्रकच्या बाजूवर कमरेवर हात ठेवलेल्या नर्तकीचं पुरुषभर उंचीचं चित्र. मी केबल ओढली, जनरेटर धडधडला, आत पंप सुरू झाला. मी गेजचा काटा बघत होतो. तो हळूहळू खाली उतरला आणि जागेवर थांबला. खेप वाचली.

बाहेर मात्र पेठ गोळा झाली होती. "खेळ कधी हाय, काकी?" कुणीतरी विचारलं. "आत चालूय," काकी म्हणाल्या, "पण बघायला तिकीट आहे." त्यांची थट्टा परत आली होती.

तेवढ्यात समाजातले एक वयोवृद्ध गृहस्थ आले. त्यांनी चित्र बघितलं, शेठकडं बघितलं. "पोपट, दारात हे काय?"

शेठ गादीवरून उठले. टोपी नीट केली.

"माल आहे आत," ते म्हणाले. "माल वाचवायचाय."

एवढंच. पण काकींनी ते ऐकलं. आतल्या दाराशी त्या उभ्या होत्या. इतक्या वर्षांत 'खुळा'ला शेठनी पहिल्यांदा 'माल' म्हटलं होतं. त्या लगबगीनं चहा टाकायला गेल्या. आणि तो चहा ट्रकवरच्या जनरेटरवाल्याला शेठनी आपल्या हातानं नेऊन दिला, नर्तकीच्या चित्राकडं पाठ करून.

मोहिमेवरून पुढं पत्र आलं. उसळ फार उंचावर खाल्ली, सगळ्यांना घरची आठवण आली, पुढच्या वेळी कांदा घालाच. काकींनी उत्तर लिहिलं: 'कांदा जमिनीखालचा. त्याला इतक्या वर कशाला न्यायचा?'

त्यानंतर धंदा मागच्या खोलीत मावेना. पिंपळवंडीला शेड झाली, दोन मोठी नवी यंत्रं आली, गावातल्या पंधरा-वीस बायका कामाला लागल्या. मुलगा-सून कारभार बघू लागले. दुकानही मुलाकडं देऊन शेठसुद्धा शेडच्या ऑफिसात येऊन बसायचे आणि फोनवर भाव सांगायचे. काकींचं हृदय अधूनमधून कुरकुरायचं. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं होतं. एका पावसाळ्यात त्या झोपेतच गेल्या. मी तेव्हा मुलीकडं नाशिकला होतो, भेट झाली नाही. त्यामुळं माझ्यासाठी शेवटचं दर्शन ते त्याआधीच्या उन्हाळ्यातलं.

मी पंपाचं तेल बदलायला शेडवर गेलो होतो. एका मोठ्या कंपनीचे दोन साहेब आले होते. धंदा विकत घ्यायची बोलणी चालू होती, आणि मुलाचं मन अर्धं वळलंही होतं. काकी कुठं दिसेनात. टोमॅटो चिरणाऱ्या बायकांच्या रांगेकडं नजर गेली, तर तिथं डोक्याला जाळीची टोपी, अंगात ॲप्रन, हातात सुरी. काकी. मी तोंड उघडणार, तर त्यांनी डोळे वटारले.

साहेब रांगेशी येऊन उभे राहिले. कामगार बायकांपुढं काय बोलायचं, याची काळजी कोण करतो! एक जण दुसऱ्याला म्हणाला, "नाव तेवढं घ्यायचं. ही शेड वर्षात बंद करू. सगळं गुजरातच्या प्लँटला हलवू. बायका जातील आपापल्या शेतात."

काकींची सुरी थांबली नाही. फोडी एकसारख्या पडत होत्या.

दुसऱ्या साहेबांना मात्र त्यांचा हात आवडला. "आजी, किती वर्षं काम करता?"

"झाली की बरीच, साहेब."

"मालकीणबाई कशा आहेत?"

"लई खाष्ट," काकी म्हणाल्या. "कुणाला भेटत नाहीत. आणि भेटल्या तर ऐकत नाहीत."

साहेब हसले. "तुम्ही काळजी करू नका. कंपनी आली तरी तुम्हाला मी कामावर ठेवायला सांगेन."

"उपकार होतील, साहेब." काकींनी हात जोडले. मुलगा मागं उभा होता, त्याचं तोंड पांढरंफटक. आईनं काय ऐकलं आणि आता विक्रीचं काय होणार, हे त्याला कळून चुकलं होतं.

साहेबांची गाडी हायवेकडं वळेपर्यंत काकी मान खाली घालून चिरत राहिल्या. मग सुरी ठेवली, दाराशी आल्या आणि ऑफिसातल्या पोपटशेठना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अहो ऐकलंत का! मला नोकरी लागली!"

ऑफिसातून शेठचा आवाज आला, "सुंदर, पुरे."

रांगेतल्या बायका हसून हसून लोळायच्या बेतात होत्या. काकींनी टोपीतून सुटलेली पांढरी बट आत खोचली, टाळ्या वाजवल्या, "चला गं, खेप लावायचीय," म्हणाल्या, आणि परत आपल्या जागेवर जाऊन पुढचा टोमॅटो उचलला.